न पाहता लिहिलेली ओळ

समोरचा माणूस पासवर्ड टाकायला लागला की हिवाळेभाऊ पाठ फिरवायचे. नुसती नजर वळवून त्यांचं भागत नसे. अख्खं अंग वळवून भिंतीकडे तोंड करून उभे राहायचे. जीपमध्ये दाटीवाटीनं बसलेले असले आणि वळायला जागाच नसली, तर डोळे गच्च मिटून घ्यायचे आणि ‘झालं का?’ असं विचारूनच उघडायचे. माझ्या नोकरीच्या पहिल्या दिवशी त्यांनी माझ्या हातात टॅब दिला, पासवर्ड ठरवायला सांगितलं आणि स्वतः खिडकीकडे तोंड करून उभे राहिले. मला वाटलं, माझं काही चुकलं. विचारलं तेव्हा पाठमोरेच म्हणाले, ‘‘पासवर्ड म्हंजे माणसाचं आंग धुणं हाये ताई. तिकडं पाहू नाई.’’

आज हिवाळेभाऊ नाहीत आणि ते ठेवायचे ती यंत्रांची यादी माझ्याकडे आली आहे. कुणी पासवर्ड टाकायला लागलं की मीही पाठ फिरवते. नव्या पोरी हसतात. हसू द्या. त्यांना कारण सांगायचं तर बरंच काही सांगावं लागेल, आणि ते सांगायला मला आजवर जमलेलं नाही.

बुलढाण्यात आमच्या संस्थेचं एक धर्मादाय रुग्णालय आहे आणि धाड, रोहिणखेड, हिवरा आश्रम अशा गावांमधून लहान-लहान दवाखाने आहेत. संस्थेचं नाव सांगत नाही; सांगून कोणाचं भलं व्हायचं नाही. मी तिथे आस्थापनेत, म्हणजे कर्मचाऱ्यांच्या नेमणुका, रजा, निवृत्ती हे माझं काम. हिवाळेभाऊ चाळिशीपर्यंत मलकापूरकडच्या एका जिनिंगच्या फाटकावर कापसाच्या गाठी मोजत. ती जिनिंग बंद पडल्यावर आपल्या मुलीएवढ्या पोरींच्या शेजारी बसून त्यांनी संगणकाचा कोर्स केला आणि आमच्याकडे लागले. अंगानं किरकोळ, आवाज मात्र फाटकावरचा. शर्टाच्या खिशात दोन पेनं, एक निळं नि एक लाल, आणि त्यांच्यामागे घडी केलेलं पिवळं फडकं. संस्थेतले टॅब, लॅपटॉप, अंगठ्याच्या मशिनी यांची यादी ठेवणं एवढंच त्यांचं काम होतं. आम्ही त्यांना ‘मोजणी खातं’ म्हणायचो.

‘‘वस्तूची यादी असती तं मी कायले एवढा फिरलो असतो?’’ असं ते म्हणत. ‘‘लोकाइले ह्या दवाखान्याचं एकच दार दिसते. दारं बावन्न हायेत.’’ आमच्याकडे तेव्हा एकंदर बावन्न यंत्रं होती. प्रत्येक यंत्र एकेका माणसाच्या नावाशी बांधलेलं. ते उघडलं की त्या दवाखान्यातल्या रुग्णांचे सगळे कागद समोर येतात: कोणाला क्षय झाला होता, कोणाचं बाळ पोटातच गेलं, कोण कशावरच्या गोळ्या घेतं. उघडणारा माणूस खरा की खोटा हे संगणकाला कळत नाही. यमुना सिस्टरच्या टॅबवरून कुणी आत आलं तर ती यमुना सिस्टरच, असं तो धरून चालतो. म्हणून कुठलं यंत्र कोणाच्या हातात आहे हे जाणणारा एक माणूस लागतो.

त्यांचा नियम एकच होता. जे डोळ्यांनी पाहिलं नाही ते लिहायचं नाही. सिस्टरनं फोनवर सांगितलं की टॅब माझ्याजवळच आहे भाऊ, तर म्हणायचे, ‘‘असंन. पण म्या नाई पाह्यला.’’ आणि दुसऱ्या दिवशी पहिल्या गाडीनं तिच्या गावी हजर. टॅब हातात घ्यायचा, उलटा करायचा, फडक्यानं मागचा भाग पुसायचा आणि शेवटचे चार आकडे मोठ्यानं वाचायचे. मग सिस्टरला तिचं नाव विचारायचे. दहा वर्षं ओळखत असले तरी विचारायचे. हिवरा आश्रमच्या एका सिस्टरनं पोराटोरांच्या हाती लागू नये म्हणून टॅब ज्वारीच्या कोठीत पुरून ठेवला होता. तिला वाटलं, आता बोलणी बसणार. भाऊंनी कोपरापर्यंत हात घालून तो बाहेर काढला, दाणे झटकले आणि वहीत लिहिलं, ‘जागा : कोठी. उत्तम.’

वर्षातून एकदा मात्र त्यांना फिरावं लागत नसे. खंडेनवमीला आमच्याकडे यंत्रांची पूजा होते. सगळ्या गावांतून सिस्टर आपापले टॅब घेऊन बुलढाण्याला येतात, चौरंगावर मांडतात, हळदकुंकू वाहतात, झेंडूचं फूल ठेवतात. पूर्वी हळद चार्जिंगच्या भोकात जाऊन दोन-तीन टॅब दरवर्षी बिघडायचे. ही पूजा बंद करा असं साहेब म्हणाले, तेव्हा तिच्या बाजूनं बोलले ते हिवाळेभाऊ. ते बौद्ध, त्यांना पूजेशी काही देणंघेणं नव्हतं. पण बावन्न यंत्रं एका जागी, एका वेळी, आपापल्या मालकिणीच्या हातून येतात असा वर्षात दुसरा दिवस नाही, हे त्यांनी हेरलं होतं. ‘‘तुमी पूजा करा, मी मोजतो,’’ म्हणाले, आणि भोकांवर लावायला चिकटपट्टीचे बावन्न तुकडे स्वतः कापून आणले. आरती चालू असताना ते एका बाजूला उभे राहून लाल पेनानं बरोबरच्या खुणा करत. मोजणी जुळली की प्रसादाचा पेढा खात आणि संध्याकाळची गाडी धरून दीक्षाभूमीला निघत. पुढच्या दिवशीचं त्यांचं खरं देवदर्शन तिकडे असे.

आता यमुना सिस्टरकडे येते. धाडच्या दवाखान्यात त्यांनी उभी हयात काढली. राहायला रोहिणखेडच्या. निवृत्तीच्या समारंभात शाल, श्रीफळ, साडीचोळी हे तर झालंच. पण आणखी काहीतरी वेगळं द्यावं असं मला वाटलं. त्यांच्या टॅबमध्ये त्यांच्या गेलेल्या नवऱ्याचे, नातवंडांचे फोटो होते. टॅब जुना झालेला, कागदोपत्री त्याची किंमत काही उरली नव्हती. मी अध्यक्षांच्या कानाशी लागले आणि शालीवर तोच टॅब ठेवून त्यांच्या हस्ते बाईंना दिला. टाळ्या वाजल्या. बाई रडल्या. मला स्वतःचं कौतुक वाटलं. मागच्या रांगेत हिवाळेभाऊ उभे होते. भरल्या सभेत निवृत्त बाईच्या हातातून वस्तू काढून घेणं त्यांच्यानं होणार नव्हतं, पण टाळ्या त्यांनी वाजवल्या नाहीत.

कार्यक्रम संपल्यावर ते माझ्याकडे आले. टॅब द्यायचा तर द्या, पण आधी पुसून, म्हणजे आतलं सगळं काढून टाकून द्या, म्हणाले. कार्यालयात बसल्या बसल्या ते टॅब बंद करू शकत होते, पण तसं केलं तर फोटोही जातात. मी म्हटलं, बाईंना फोटो उतरवून घेऊ द्या, मी रविवारी स्वतः रोहिणखेडला जाते आणि पुसून येते. त्यांनी वही मिटली. मग म्हणाले, ‘‘तुमी जाता म्हंता तं ठीक हाये.’’

मी गेले नाही. मे महिन्याचं ऊन होतं, घरी पाहुणे होते. कारणं काय, हवी तेवढी मिळतात. भाऊंनी एकदा विचारलं, जाऊन आल्या का? मी म्हटलं, या रविवारी. दुसऱ्यांदा विचारलं, तेव्हा मी विषय बदलला. तिसऱ्यांदा ते वही उघडी घेऊन, पेन हातात धरून माझ्या टेबलासमोर येऊन उभे राहिले, आणि मला त्यांचा कंटाळा आला. मी फायलीतून मान वर न करता म्हटलं, ‘‘हो, जाऊन आले. पुसला टॅब.’’ त्यांनी विचारलं, नंबर पाहिला? मी म्हटलं, पाहिला, जुळला. एवढं खोटं मी त्याआधी कधी सहज बोलले नव्हते. त्यांनी वहीत ‘पुसला’ अशी ओळ लिहिली आणि यादीतून टॅब काढून टाकला. त्यांच्या सगळ्या नोकरीत डोळ्यांनी न पाहता लिहिलेली ती एकच ओळ.

त्या वर्षी खंडेनवमीला यादीत एक्कावन्न आणि चौरंगावरही एक्कावन्न. मोजणी जुळली, भाऊंनी पेढा खाल्ला. मी शेजारीच उभी होते. 

यादीतून नाव गेलं, पण रोहिणखेडच्या घरात तो टॅब जिवंत होता. बाईंना डोळ्यांनी नीट दिसत नसे. त्यांनी तो आपल्या दिराला कीर्तनं ऐकायला देऊन टाकला होता. पासवर्ड स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर लिहिलेला होता. दीर सोयरिकी जुळवायचे. आमच्याकडे मुलगी पसंत पडली की तिच्या गावी गुपचूप चौकशी होते: वळण कसं आहे, आजार-बिजार नाही ना. ही चौकशी पूर्वी सिस्टरकडेही यायची, आणि यमुनाबाई सगळं माहीत असून ‘पोरगी चांगली हाये’ यापलीकडे एक अक्षर बोलत नसत. आता दिराला बाईंना विचारायची गरज उरली नव्हती.

तुळशीचं लग्न आटोपल्यावर महिन्याभरानं भाऊ माझ्याकडे एक कागद घेऊन आले. कोणी कोणत्या रुग्णाचा कागद उघडला याची ती नोंद होती. त्यात यमुना सिस्टरचं नाव अकरा वेळा आलं होतं, आणि सगळं दिवेलागणीच्या सुमाराला. संगणकाच्या लेखी, निवृत्त झालेली बाई सहा महिन्यांनी दवाखान्यात आली होती. भाऊंनी अकराही नावांपुढे लाल पेनानं वयं लिहिली होती. एकोणीस, एकवीस, वीस, बावीस. ‘‘ह्या आजाराच्या नोंदी नाईत ताई,’’ ते म्हणाले, ‘‘ह्या सोयरिकीच्या हायेत.’’

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. तुम्ही गेला नव्हतात ना, असं त्यांनी विचारलं असतं तर मी कदाचित रडून मोकळी झाले असते. त्यांनी विचारलं नाही. त्याच दुपारी ते रोहिणखेडला गेले, टॅब ताब्यात घेतला, आणि बाईंच्या नवऱ्याचे फोटो आधी उतरवून देऊन मग पुसला. त्या सगळ्याला अर्धा तासही लागला नव्हता, असं ते नंतर म्हणाले.

पण तोवर व्हायचं ते होऊन गेलं होतं. त्या अकरांतली एक धाडची होती. तिचं खरं नाव लिहीत नाही, रूपाली म्हणू. तिला शाळेत असल्यापासून फिट यायची. आमच्या दवाखान्यातल्या गोळ्यांनी चार वर्षं एकही आली नव्हती. तिच्या घरच्यांखेरीज हे एका यमुनाबाईंनाच ठाऊक. तिची सुपारी फुटली होती, लग्नाचे कपडेही घेऊन झाले होते. एक दिवस मुलाकडून निरोप आला की पोरीला मिरगी आहे असं कळलं, आम्हाला जमत नाही. निरोपात गोळीचं नावसुद्धा बरोबर होतं. रूपालीनं दवाखान्यात पाऊल टाकणं बंद केलं आणि गोळ्या सोडल्या. दोन महिन्यांत तिला चुलीपुढे फिट आली आणि डावा हात मनगटापर्यंत भाजला.

संस्थेनं आतल्या आत चौकशी लावली. चार विश्वस्त, हिवाळेभाऊ, आणि इतिवृत्त लिहायला मी. गावात बोभाटा नको, एवढीच सगळ्यांना काळजी. टॅब यादीतून कसा निघाला असं विचारल्यावर भाऊ म्हणाले, ‘‘म्या न पाहता ओळ लिवली. चूक माही हाये.’’ पुढे कोणी काही विचारलं नाही. मी माझ्या हातानं, चांगल्या वळणदार अक्षरात लिहिलं की श्री. हिवाळे यांनी प्रत्यक्ष तपासणी न करता यंत्र यादीतून वगळले. खाली लेखनिक म्हणून सही केली.

त्या दिवशी मी त्यांच्या मागोमाग स्टँडवर गेले. रसवंतीच्या बाकावर ते एकटे बसले होते. माझं नाव का घेतलं नाहीत, असं मी विचारलं. विचारताना मला मनातून सुटल्यासारखंच वाटत होतं, हेही लिहून ठेवते.

‘‘तुमी सांगतलं, हे खरं हाये,’’ ते म्हणाले. ‘‘पण न पाहता लिवलं कोनं? माह्या हातानं. माहं म्या सांगतलं.’’ मग रसाचा पेला माझ्याकडे सरकवून म्हणाले, ‘‘तुमचं तुमी सांगा. तुमचं मी काऊन सांगू?’’

त्यात राग नव्हता, टोमणाही नव्हता. पासवर्ड टाकणाऱ्याकडे पाठ करून उभे राहायचे तसेच जणू ते माझ्याकडे पाठ करून थांबले होते, माझं झालं की वळायचं म्हणून. सोमवारी जाऊन सांगते असं मी त्यांना म्हटलं. सोमवार आला आणि गेला.

भाऊंनी मात्र त्या अकराही मुलींची घरं गाठायचं ठरवलं. संस्थेनं स्पष्ट मनाई केली होती. ते म्हणाले, ज्याच्या घरात चोर शिरला त्याला सांगायला नको? प्रत्येक घरी जाऊन, दारात उभं राहून ते एकच सांगत: तुमच्या मुलीचा कागद परक्या माणसानं पाहिला, चूक माझी आहे, टॅब आता बंद केला. एका बापानं त्यांच्या अंगावर वहाण फेकली. एका आईनं चहा पाजला आणि आमच्या दारात पुन्हा येऊ नका, असं हात जोडून सांगितलं. दोन घरी तर झाला प्रकार ठाऊकच नव्हता. भाऊंनी सांगितल्यामुळे कळला. आठव्या घरानंतर संस्थेनं त्यांना कामावरून काढलं. पत्र मीच टाइप केलं. उरलेली तीन घरं त्यांनी पदरच्या तिकिटानं पुरी केली. शेवटचं घर रूपालीचं होतं.

तिथे काय घडलं ते मला पुढे तिच्या आईनं सांगितलं. रूपाली आतल्या खोलीतून बाहेर आली नाही. दाराआडूनच म्हणाली, ‘‘माहं नाव आता कोन्त्याच मशिनीत नको. मेली तं मेली.’’ भाऊ ओट्यावर बसले. मग त्यांनी विचारलं, ‘‘आन् नाव माहं असलं तं? तं खाशील का गोळी?’’

चिखलीला एक म्हाताऱ्या डॉक्टरीणबाई होत्या. भाऊंनी रूपालीला आणि तिच्या आईला त्यांच्याकडे नेलं. बाईंनी तपासलं पोरीला, पण कागद लिहिला प्रभाकर हिवाळे या नावानं. दर महिन्याला भाऊ स्वतःच्या नावाच्या त्या चिठ्ठीवर दुकानातून गोळ्या घेत आणि धाडला नेऊन देत. उभ्या जन्मात ज्यांनी एक खोटा आकडा यादीत येऊ दिला नाही, त्यांनी स्वतःचंच नाव खोट्या जागी लिहून दिलं. रूपालीची फिट पुन्हा बंद झाली.

बुलढाणा-चिखली काही लांब नाही, आणि औषधाच्या दुकानात ओळखीची माणसं भेटतातच. हिवाळ्यांना मिरगी आहे, ही बातमी माझ्यापर्यंत आली तेव्हा मलाही ती खरी वाटली. अकरा घरी जाऊन बोलणी खाल्ली, नोकरी गेली, त्याचा धसका घेतला असेल, असं मी मनाशी म्हटलं. त्यांच्या मुलीचं, प्रज्ञाचं, लग्न ठरत आलं होतं, ते याच बातमीवर मोडलं. घराण्यात मिरगी आहे म्हणे. प्रज्ञानं रडून रडून त्यांना विचारलं की तुम्हाला कधी फिट आलेली मी पाहिली नाही, मग त्या गोळ्या कोणाच्या? त्यांनी सांगितलं नाही. बायकोला ठाऊक होतं. ‘‘पोरीले सांगा म्हटलं मी त्याइले,’’ असं त्या मला नंतर म्हणाल्या, ‘‘तं म्हंते, एका पोरीचं गुपित दुसऱ्या पोरीसाठी कसं इकू?’’

मागच्या वर्षी पावसाळा सरता सरता, भर दुपारी, गोळ्या घेऊन धाडला जाताना भाऊ जीपमध्ये कलंडले. घाम फुटला होता, तोंड वाकडं झालं होतं, हात छातीशी आवळलेले होते. जीपमध्ये त्यांना ओळखणारा एक जण होता. तो म्हणाला, ‘‘काई नाई बाप्पा, ह्याइले मिरगी हाये. होतीन बरे.’’ जीप थांबवली. कुणी चप्पल हुंगवली, कुणी बाजाराच्या पिशवीतला कांदा फोडून नाकाशी धरला. मुठी सोडवल्या, तोंडावर पाणी मारलं. सगळ्यांनी मायेनं केलं, जे माहीत होतं ते केलं. झाडाखाली निजवून, आपसूक शुद्धीवर येतील म्हणून अर्धा तास वाट पाहिली. दवाखाना पाच किलोमीटरवर होता, आमचाच. तिथल्या डॉक्टरनं पाहिलं तेव्हा हृदय केव्हाच थांबलं होतं.

मी पुष्कळदा त्या झाडाखाली जाऊन उभी राहते, म्हणजे मनानं. तिथल्या एकाही माणसाला मला दोष देता येत नाही. त्यांना जे नाव आणि जो आजार सांगितला गेला, त्यावर त्यांनी विश्वास ठेवला. मी एकदा मान वर करून खरं बोलले असते, तर भाऊ त्या दुपारी आपल्या टेबलाशी बसून कुणाचा तरी टॅब पुसत असते.

जलदान विधीला मी गेले. घरासमोर मांडव घातला होता. त्रिशरण-पंचशील झालं, मग भाऊंविषयी बोलायला एकेक जण उभा राहू लागला. जिनिंगमधले एक जुने सोबती बोलले, शेजारचे गुरुजी बोलले. सगळे चांगलंच बोलत होते, पण मागच्या बाजूला बायकांमध्ये कुजबुज चालली होती: मिरगीनंच गेले ना, पोरीचं कठीणच हाये आता. प्रज्ञा समोरच बसली होती, तिला ते ऐकू जात होतं.

तेवढ्यात बायकांतून एक मुलगी उठली. डावा हात ओढणीत गुंडाळलेला. पुढे आली, भाऊंच्या फोटोला हात जोडले आणि लोकांकडे वळली. शेवटच्या ओळीपर्यंत ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं बोलली.

‘‘मी धाडची हाये. फिट मले येते. लहानपणापासून येते. ह्या बाबाइले कोन्ताच आजार नोता. त्याइच्या नावावरच्या गोळ्या म्या खाल्ल्या.’’

तिनं आपलं पूर्ण नाव सांगितलं, बापाचं नाव, आडनाव, सगळं. ओढणी सोडून हात दाखवला.  प्रज्ञा उठली, तिच्याजवळ गेली आणि तिला आपल्या शेजारी घेऊन बसली. बसण्याआधी रूपालीनं मला संस्थेतली बाई म्हणून ओळखलं. ‘‘मॅडम, उद्या मी दवाखान्यात येते,’’ ती म्हणाली, ‘‘माहं नाव लिवून घ्या.’’ मी मान हलवली.

मग विधी चालवणारे काका म्हणाले, आणखी कोणाला दोन शब्द बोलायचे असतील तर बोला. भाऊंच्या पत्नीनं वर पाहिलं, माझ्याकडेच पाहिलं. माझ्याबद्दल त्यांना कितपत ठाऊक होतं, मला माहीत नाही. माझं वाक्य तयार होतं. दीड वर्ष मी ते मनात घोळवत होते. रोहिणखेडला मी गेले नव्हते, एवढंच म्हणायचं होतं. चार शब्द. मी पदर सावरला आणि उठले. शेजारच्या म्हातारीला वाटलं मी बोलायला निघाले, म्हणून तिनं पाय आवरून मला वाट करून दिली. त्या वाटेनं मी मांडवाबाहेर आले आणि चपला शोधू लागले.